बेळगाव ते कारवार अणशी घाटातून: आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, जोयडा, अणशी, कद्रा असं काळी नदीच्या खोऱ्यातून कारवारला उतरायचा विचार आहे. वॅगनआर, चौघं, त्यात ७२ वर्षांची आई. गणेशगुडीला सुपा धरण बघायचंच आहे. आईचं आजोळ जुन्या सुपा गावात होतं, ते सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलं.

मॅपवर दुसरा रस्ता यल्लापूर, अरबैल घाट, अंकोल्यावरून दाखवतो. तिकडे ट्रक फार, शिवाय सुपाही चुकतं, म्हणून तो नको. ओळखीच्या दोन ड्रायव्हरांना विचारलं. एक म्हणतो अणशीचा रस्ता झकास, दुसरा म्हणतो पावसाळ्यानंतर कडेची माती खचलेली असते, छोटी गाडी नेऊ नका. दोघंही यंदा तिकडे गेलेले नाहीत.

आईला वळणांवर मळमळतं. चोर्ला घाटात गेल्या वेळी आल्याचा तुकडा तोंडात धरून, काच खाली करून कशीबशी बसली होती. त्यामुळे दर अर्ध्या तासाला थांबावंच लागेल. सकाळी ६ ला निघणार, अंधारात घाट उतरायचा नाही. कारवारात मुक्काम आहे, परत गोव्यावरून येऊ.

या पावसाळ्यानंतर कुणी गेलंय का? जोयड्यानंतर कद्र्यापर्यंत रस्ता कसा आहे, पेट्रोल मिळतं का, आणि म्हाताऱ्या माणसाला उतरून जरा बसता येईल अशी सुरक्षित जागा नेमकी कुठे आहे?