क्लासिकल आणि ऑपरंट कंडिशनिंगमध्ये सारखा गोंधळ होतोय

निळीशाई: सायकॉलॉजीच्या पहिल्या पेपरची उजळणी चाललीये. पाव्हलॉव्हचं क्लासिकल आणि स्किनरचं ऑपरंट कंडिशनिंग (अनुभवातून शिकण्याचे दोन प्रकार) वेगवेगळे वाचले की कळतात पण उदाहरण आलं की अडते. कसं ओळखायचं?

रातकिडा: एकच बघ, आधी स्वतःहून काही करावं लागतंय का? लागत असेल तर ऑपरंट, नसेल तर क्लासिकल. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला काहीच करायचं नव्हतं, आवाजानंतर अन्न येतं हे जुळलं आणि नुसत्या आवाजानेच लाळ सुटायला लागली (पाव्हलॉव्ह मुळात पचनावर काम करत होता, १९०४ चं नोबेल त्याचंच). स्किनरच्या उंदराला मात्र लिव्हर दाबल्यावरच अन्न मिळतं.

पानगळ: निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट (नकोसं काहीतरी काढून घेऊन वागणं वाढवणं) म्हणजे शिक्षा नव्हे हेही पक्कं कर!! सीटबेल्ट लावला की बीप थांबतो म्हणून आपण लावतो, म्हणजे वागणं वाढतंय. शिक्षेने कमी होतं.

दुसरीबाजू: आणि प्लीज नोट्स नुसत्या वाचत बसू नकोस, पुस्तक मिटून आठवून लिही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्याभराने परत वाचणाऱ्यांपेक्षा चाचणी देणाऱ्यांना जास्त आठवलं.

निळीशाई: खूप थँक्स सगळ्यांना! मग लिटल अल्बर्टचा प्रयोग (बाळाला उंदराची भीती बसवली तो) क्लासिकलच ना? पांढरा उंदीर आणि मोठा आवाज?

रातकिडा: हो, वॉटसन आणि रेनर यांचा प्रयोग, १९२०.