गाणं कापलं तर गोष्ट अडते का? (आवडते संगीतपट)

तिसरी घंटा

गाणी असलेला सिनेमा वेगळा आणि संगीतपट वेगळा, हे माझं जुनं तुणतुणं आहे. मित्रमंडळी कंटाळलीत, म्हणून आता इथे वाजवतो.

कसोटी सोपी आहे. सिनेमातलं गाणं कात्रीने कापायचं आणि पुढचा प्रसंग बघायचा. गोष्ट न अडखळता पुढे गेली, तर ते गाणं पाहुणं होतं. आपल्याकडची बहुतेक गाणी अशी पाहुणीच असतात. आली, जेवली, गेली. गोड असतात, मीही रोज ऐकतो, पण तेवढ्याने सिनेमा संगीतपट होत नाही.

मराठीत या कसोटीला पुरून उरणारा माझ्या मते ‘जैत रे जैत’ (१९७७). गोनीदांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. नाग्या हा ठाकर आदिवासी, ढोल वाजवणारा, त्याला पुण्यवंत व्हायचंय आणि डोंगरावरच्या राणीमाशीशी त्याचं हाडवैर. आता चिंधी घ्या. नवऱ्यापासून ती सुटते, तेव्हा स्मिता पाटीलच्या तोंडी एखादं बाणेदार भाषण घालता आलं असतं. त्याऐवजी येतं ‘मी रात टाकली’. ते गाणं म्हणजे त्या बाईचा निर्णयच. ते कापलंत तर आधीची चिंधी आणि नंतरची चिंधी यांच्यात दुवाच राहत नाही. बरं, ठाकरांच्या ढोलावर सगळी गोष्ट चाललेली असल्यामुळे ‘ही मंडळी मधूनच का गातायत’ हा प्रश्नही कुणाला पडत नाही.

तुमचे आवडते कुठले, आणि का? नुसत्या याद्या नकोत.

पिटातला प्रेक्षक

घंटाराव, ही कसोटी तुम्ही कुठून आणली? निदान आपल्या मातीतली तरी ती दिसत नाही. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, त्यात दोनशेच्या वर पदं. निम्म्याहून जास्त पदं कापली तरी दुष्यंत शकुंतलेला विसरायचा तो विसरणारच. पण लोक पहाटेपर्यंत बसायचे ते गोष्टीसाठी नव्हे. बालगंधर्व एकच पद पुन्हा पुन्हा घ्यायचे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, जी कोणी असेल ती आपलं दुःख बाजूला ठेवून वन्स मोअर देत होती, आणि कुणाची तक्रार नव्हती. गोष्ट थांबली पाहिजे हीच तर मागणी होती!

रोजच्या आयुष्यात वेळ आपल्या मागे लागलेली असते. सिनेमात गाणं सुरू झालं की चार-पाच मिनिटं कुणालाच कुठे जायचं नसतं, नायकाला नाही आणि मलाही नाही. तुमच्या पाहुण्यांमुळेच घराला घरपण आहे, साहेब.

तिसरी घंटा

पण तेच बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, तेव्हा काय झालं? थोर गळा तोच होता, पण पडद्यावर वन्स मोअर देता येत नाही. ते रंगमंचाकडे परतले. नाटकाचा नियम सिनेमाला लावून चालत नाही, एवढंच म्हणतोय.

आणि प्रभातने तर पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’मध्ये तुमच्या त्या पहाटेपर्यंतच्या गाण्याची चक्क खिल्ली उडवली. सुरुवात आठवा. तुकाराम डोळे मिटून साध्या चालीत म्हणतोय. मग तेच शब्द त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो घेतो आणि ताना मारत, मुरके घेत, समोरच्यांकडून दाद वसूल करत नाटकी थाटात गातो. शब्द तेच, पण एक संत आणि एक चोर. एकाही संवादाशिवाय दोन्ही माणसं कळली. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली केलेलं हे काम आजही कुणाला सहज जमेल असं वाटत नाही.

उलटतपासणी

मला हा प्रकारच झेपत नाही. कुणाला वाईट वाटू नये, पण दोन माणसं बरी बोलत असतात आणि एकदम त्यातलं एक सुरात येतं, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. ‘ला ला लँड’चं फार कौतुक ऐकून लावला, तर पहिल्याच प्रसंगात लॉस एंजेलिसच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग आणि लोक दारं उघडून टपांवर नाचतायत. मी रोज हायवेवर अडकते. तिथे माणसाच्या तोंडून जे निघतं त्याला चाल लावता येत नाही.

आपल्या सिनेमात एक बरं आहे, गाणं लागलं की चहा टाकून येता येतो. घंटारावांच्या आदर्श संगीतपटात तीही सोय नाही म्हणजे!

मंद्रसप्तक

उलटतपासणीताई, तुमची तक्रार एका संगीतपटानेच करून ठेवलीये. जाक दमीचा ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग’, १९६४, कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. त्यात एकही वाक्य नुसतं बोललेलं नाही. पेट्रोल भरायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा गातं. पहिलाच प्रसंग गॅरेजमधला. कामाची वेळ संपलीये, मेकॅनिक हात धुतायत, संध्याकाळी कुठे जायचं याच्या गप्पा चालल्यात. नायक म्हणतो ऑपेराला. त्यावर एक सहकारी म्हणतो, छे, ती गाणारी माणसं बघून मला त्रास होतो, आपल्याला सिनेमाच बरा. आणि हे तो गाऊनच म्हणतो.

दिग्दर्शकाने पहिल्या काही मिनिटांत तुमच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलंय की हे असंच चालणार. मग वीसेक मिनिटांनी कान सरावतो. शेवटाकडे बर्फ पडत असताना पेट्रोल पंपावर नायक आणि त्याची जुनी प्रेयसी भेटतात, तेव्हा बोलणं अगदी मामुली असतं. कुठलं पेट्रोल हवं, मुलीचं नाव काय. आणि खाली संगीतकार मिशेल लग्रांची ती धून. तोंडाने जे बोललं जात नाहीये ते वाद्यं बोलतायत. तिथे चहा टाकायला उठून दाखवा.

अर्धा कप

घंटाराव, ‘कट्यार’ विसरलात की मुद्दाम टाळलंत?

तिसरी घंटा

टाळलं नाही हो, राखून ठेवलं होतं. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) माझ्या कसोटीला अगदी शंभर टक्के उतरतो. पंडितजी आणि खाँसाहेब, दोन घराणी, दोन गळे, आणि राजगायक कोण हा वाद. तिथे गाणं म्हणजेच भांडण. गाणं कापलं तर दोन पोक्त माणसं एकमेकांवर का चिडलीत तेच कळणार नाही. ‘घेई छंद मकरंद’ एकच पद, दोन चालींत. एका चालीत फुलाभोवती रमणारा भुंगा आणि दुसरीत जिंकायला निघालेला माणूस.

अर्धा कप

शंभर टक्के? साठ देईन. दोन चाली १९६७ च्या नाटकातल्या आहेत, नाटककार दारव्हेकर आणि संगीतकार अभिषेकीबुवांची पुण्याई. सिनेमाने भर कशावर दिला? शेंदरावर! खाँसाहेबांची बेगम पंडितजींना शेंदूर खायला घालते आणि त्यांचा आवाज जातो. म्हणजे जे भांडण गळ्यातून व्हायचं ते स्वयंपाकघरातून झालं. नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून गायला बसले की तो माणूस उर्मट आहे, एकटा आहे आणि अस्सल कलावंत आहे, हे तिन्ही त्या गाण्यातच ऐकू यायचं. सिनेमात तेवढी उसंतच नाही. गाणं रंगात येतंय तोवर कॅमेरा दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावर.

बोरीबंदर

अर्धा कप, वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलेल्यांचं भाग्य थोर, पण आमच्या पिढीला ते नाटक म्हणजे आजोबांच्या कॅसेटी. ‘कट्यार’ला दिवाळीत थिएटरात गेलो तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये धड एक राग ओळखणारा कुणी नव्हता. ‘सूर निरागस हो’ संपल्यावर मागच्या रांगेतल्या काकांनी टाळ्या सुरू केल्या आणि अख्ख्या थिएटरने धरल्या. महेश काळेंना ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यानंतर आमच्यातले दोघं चक्क शास्त्रीय मैफलीला गेले. शेंदूर भडक होता, मान्य. पण मला आवडलेला संगीतपट कुठला, असं विचारलं तर तोच, आणि कारण विचारलं तर ते काका.

पिटातला प्रेक्षक

हेच! पडद्याला टाळ्या ऐकू येत नाहीत तरी वाजवल्या. बालगंधर्वांचं प्रेक्षागृह अजून जिवंत आहे, घंटाराव.

खर्ज

मला या प्रकारात एक गोष्ट कायम खटकते. समोर हसणारा-रडणारा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. आपण त्याला सरावलोय म्हणून, नाहीतर हा केवढा बनाव आहे! ‘ले मिझराब्ल’मध्ये (२०१२) नट सेटवर खरोखर गायले. कानात पियानोची साथ आणि समोर कॅमेरा. ॲन हॅथवेचा श्वास तुटतो, शब्द गिळले जातात. मला तो संगीतपट त्या तुटक्या श्वासासाठी आवडतो. रसेल क्रो त्यात ऐकवत नाही हे आधीच कबूल करतो, पण तोही खोटा नाही.

मंद्रसप्तक

बनाव तिकडेही कमी नव्हता. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूडचा गळा आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नचा गळा एकाच बाईचा, मार्नी निक्सनचा. श्रेयनामावलीत नाव नाही. वूडला तर आपलाच आवाज वापरणार असं वाटत होतं. तिकडे ती लपवायची बाब होती. आपल्याकडेही सुरुवातीला काय होतं? १९४९ साली ‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पात्राचं नाव! पण लतादीदींनी पुढे आपलं नाव लावायला लावलं, आणि मग गायकाच्या नावालाही वजन आलं. तेव्हा बनाव म्हणायचाच असेल तर तिकडचा. आपल्याकडे पडद्यावर दोन कलावंत एकाच वेळी काम करतात आणि प्रेक्षकाला दोघांची नावं ठाऊक असतात.

खर्ज

नाव ठाऊक असल्याने श्वास जुळत नाही. विष्णुपंत पागनीस स्वतः गायले म्हणून त्यांचा तुकाराम खरा वाटतो.

परदेशी आत्या

मी न्यू जर्सीत राहते, लेकीमुळे या नादाला लागले. माझा आवडता ‘फिडलर ऑन द रूफ’ (१९७१). रशियातलं ज्यू लोकांचं खेडं, १९०५ चा सुमार, दूधवाला तेव्ये आणि त्याच्या पाच मुली. थोरलीला प्रेमाने लग्न करायचंय, मग दुसरीलाही. त्यात बापाच्या डोक्यात किडा शिरतो आणि तो बायकोला विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का गं?

यांचं लग्न आईबापांनी ठरवलेलं. लग्नाच्या दिवशीच एकमेकांना पहिल्यांदा पाहिलेलं. ती आधी म्हणते, तुझं पोट बिघडलंय, जाऊन पड. तो ऐकत नाही. मग ती हिशेब मांडते. पंचवीस वर्षं तुझे कपडे धुतले, स्वयंपाक केला, पोरं काढली, गाईचं दूध काढलं, आणि आता प्रेमाचं काय विचारतोस? तो पुन्हा विचारतो. शेवटी तिला म्हणावं लागतं, असावं बहुतेक. तो म्हणतो, मग माझंही असावं.

माझे आईबाबा इथे आले होते तेव्हा त्यांना हा सिनेमा दाखवला. इंग्रजी गाणी आईला फारशी कळत नव्हती, मी कानाशी सांगत होते. हे गाणं संपल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत बसले आणि आई म्हणाली, “दूध काढायचं राहिलं होतं आपलं, बाकी सगळं तेच.”

हा प्रश्न आमच्या घरात गद्यात कुणी विचारला असता का? गाणं असतं म्हणून तेव्येला विचारता येतं.

उलटतपासणी

आत्या, हे वाचून पहिल्यांदा एखादा संगीतपट बघावासा वाटला. पण शंका आहेच. ‘माय फेअर लेडी’त एलायझा प्रोफेसरवर चिडून मनातल्या मनात त्याचा सूड घेते, ते गाणं आहे. पुलंनी ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या त्याच मूळ नाटकावरून केलं, तिथे तोच राग ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ म्हणून येतो. भक्ती बर्वेंनी ते नुसतं म्हटलं, ना पेटी ना ऑर्केस्ट्रा. त्या पाच-सात मिनिटांपुढे ऑड्रीचं (की मार्नीचं?) गाणं मला फिकं वाटतं. मग गाण्याची गरज काय?

तिसरी घंटा

ताई, ते स्वगत पुन्हा ऐका. यमकं आहेत, लय आहे, ठेका आहे, धृपद परत परत येतं. भक्तीताई गातच होत्या, फक्त पेटी नव्हती. तुम्ही माझ्या बाजूने साक्ष देताय.

उलटतपासणी

वा! आवडलं की लगेच ते गाणं. असा वकील मला हवा होता.

बोरीबंदर

‘सैराट’चं (२०१६) काय करायचं मग? अजय-अतुलची चार गाणी, चारही आर्ची-परश्या पळून जाण्याआधी. हैदराबादच्या झोपडपट्टीत गेल्यावर एक गाणं नाही. शेवटी तर आवाजच नाही. ‘झिंगाट’ला आमचं अख्खं थिएटर उभं राहून नाचलं होतं, आणि त्याच लोकांना शेवटी खुर्चीतून उठता येत नव्हतं.

पिटातला प्रेक्षक

लावा आता कात्री, घंटाराव. ‘झिंगाट’ कापलं तर गोष्ट अडत नाही. वाढदिवसाची पार्टी आहे, नाचले, संपलं. म्हणजे तुमच्या हिशेबाने पाहुणं. पण ते नसतं तर शेवटची शांतता तेवढी बोचली असती का?

तिसरी घंटा

बोचली असती, पण कमी. तरीही मी त्याला संगीतपट म्हणणार नाही. उत्तरार्धात पात्रं गाणं विसरतात, आणि ते विसरणं दिग्दर्शकाचं आहे, संगीतकाराचं नाही.

पिटातला प्रेक्षक

संगीतकाराने गाणी इतकी चढवली नसती तर दिग्दर्शकाने विसरायचं काय?

अर्धा कप

मधे पडतो. ‘झिंगाट’मध्येच परश्या आणि आर्ची सगळ्यांसमोर एकमेकांकडे बघून नाचतात, आणि ते बघणाऱ्यांत तिच्या घरचे आहेत. तुमची कात्री तिथेही अडकते, घंटाराव. पुढचं सगळं त्या पार्टीतूनच सुरू होतं.

तिसरी घंटा

ते गाण्यामुळे नाही, पार्टीमुळे. आज रात्री पुन्हा बघतो आणि उद्या उत्तर देतो.