बक ‘माणसाळला’ म्हणायचं की त्याला ‘लळा लागला’?

नागपूरला कॉलेजच्या पोरांसोबत जॅक लंडनची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (1903) ही बक नावाच्या कुत्र्याची कादंबरी वाचते आहे. चर्चा मराठीत चालते. थॉर्नटन हा बकचा शेवटचा मालक. ‘थॉर्नटनच्या सहवासात बक माणसाळला’ हे वाक्य निम्म्या वह्यांत आहे. मला ते खटकतं, पण पोरांना पटवता येत नाही.

– ताई, खटकायलाच हवं. माणसाळतो तो मुळातला बुजरा, रानातला प्राणी. बक तर सांता क्लारात न्यायाधीशांच्या घरी ऐटीत वाढला. माळ्याच्या मदतनिसानं त्याला चोरून विकलं तेव्हा तो पुरता माणसातला होता. पुढे गोष्ट उलटीच जाते. त्या उलट्या वाटेला मात्र मराठीत धड क्रियापद सुचत नाही. ‘रानटी झाला’ म्हटलं की शिवी वाटते.

– विकल्यावर तो लाल स्वेटरवाला माणूस बकला दांडक्यानं झोडपतो तिथे ‘वठणीवर आणला’ चालेल. थॉर्नटनपाशी ‘लळा’च. वाक्याची ठेवण बघा ना: बक एकटा माणसाळू शकतो, पण लळा ‘बकला थॉर्नटनचा’ लागतो. त्याला ठरावीकच माणूस हवा. कादंबरीतही तसंच आहे. थॉर्नटनचे सोबती हान्स आणि पीट यांचे लाड बक उपकार केल्यासारखे करून घेतो.

– लळा लेकरांचा, मांजरीच्या पिल्लांचा. हा गडी थॉर्नटनसाठी नदीच्या लोंढ्यात झेपावतो, त्याच्या पैजेपायी हजार पौंड वजनाची घसरगाडी ओढतो. तिथे ‘लळा’ तोकडा पडतो. आपल्याकडे म्हणतात तसं सरळ ‘जीव लावला’ लिहा. शिवाय ते दोघांनाही लागू पडतं. हाल नावाच्या आधीच्या मालकाच्या मारातून बकला सोडवलं थॉर्नटननंच.

– थोडं अवांतर. ताडोबा, पेंचचे वाघ ‘माणसाळले’ असं लोक सर्रास बोलतात. अरे, ते सफारीच्या जिप्सी गाडीला सरावलेत! खाली उतरा, फरक लगेच कळेल. आणि गुरांची चटक लागलेला वाघ ‘सोकावतो’. तिन्ही क्रियापदं वेगळी, पण सगळीकडे एकच फिरवतात.

– पटलं. ‘लळा’ आणि ‘जीव लावला’ दोन्ही ठेवते, ‘माणसाळला’खाली रेघ. आता शेवटचं: थॉर्नटन मारला गेल्यावर बक लांडग्यांत ‘मिसळला’ म्हणू का?

– मिसळला नको. आधी तो त्यांच्याशी झुंजतो, मग ते त्याला आपला मानतात. ‘टोळीत सामील झाला’ लिहा.