खोक्यातले देव्हारे: तुमच्या मुलांनी काय मांडलं होतं?

मोगरा
काल गराज आवरताना लेकाचं सहावीतलं बुटांचं खोकं सापडलं आणि मी तिथेच बसून राहिले. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या, नागरी हक्कांच्या लढ्यावर खोक्यात देव्हारा करायचा, पण विकत काही आणायचं नाही, पडलं-सापडलं तेच मांडायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. त्याने मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार घेतला. 381 दिवस काळी माणसं बसमध्ये चढली नाहीत, कित्येक जण रोज पायी कामाला गेले. मला वाटलं, बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सचा फोटो लावेल, तर याने आजीची चप्पल मागितली. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या. टाच एका बाजूने पार झिजलेली, अंगठा दोनदा शिवलेला. "अरे, चप्पल का देव्हाऱ्यात ठेवतात?" "आजी, हीच ठेवायची." तुमच्याकडचं लिहा ना.

अलाबामाकर
अलाबामातल्या बर्मिंगहॅमला असताना जो मिंटर या काळ्या कलाकाराचं अंगण बघितलंय. 1989 पासून टाकाऊ फावडी, साखळ्या, पत्रे जोडून त्यांनी काळ्या लोकांचा अख्खा इतिहास उभा केलाय. तिथून आल्यावर लेकीने चार रिबिनी मागितल्या. 15 सप्टेंबर 1963, रविवार, तिथल्याच काळ्या लोकांच्या चर्चमधला वर्णद्वेष्ट्यांचा बॉम्ब, त्यात गेलेल्या चार मुली. तिघी चौदाच्या, डेनिस मॅकनेअर अकराची. माझीही तेव्हा अकराचीच. चौथी रिबीन तिने आखूड कापली. का, ते मी विचारलंच नाही.

घाईत_आई
कुकर लावलाय, पण रिबीन वाचून डोळे भरले. आमच्याकडे ग्रीन्सबरो होतं, 1960, चार काळे विद्यार्थी दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर स्टुलांवर बसून राहिले ते. पुठ्ठ्याची स्टुलं कसरीने खाल्ली हो! मोगरा, तुझं खोकं कसं टिकलं?

झेडपीगुरुजी
रायगड जिल्ह्यात शिकवतो. हे वाचून यंदा 20 मार्चला वर्गात महाडचा कोपरा मांडला, 1927 चं चवदार तळं. घरून जुनं काहीही आणा म्हटलं. एका पोराने चेपलेला तांब्या आणला, पणजीचा. सगळ्यांनी पाळीपाळीने त्यातलं पाणी प्यायलं, मीही. एका पालकांनी मात्र "असलं कशाला शाळेत" म्हणून ऐकवलं. तांब्या अजून वर्गातच आहे.

सांजवात
गुरुजी, शाब्बास. फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांनाच. हे नातं जुनं आहे, मुलांना जरूर सांगा.

अलाबामाकर
गुरुजी, त्या पालकांना पोरासोबत एकदा वर्गात बोलवा. आणि मोगरा, दुसरी चप्पल?

मोगरा
साताऱ्याला माडीवर. सासूबाई आता नाहीत, पण टाकवत नाही कुणालाच. घाईत_आई, कडुनिंबाचा पाला घालते मी, डांबरगोळ्या नको.

घाईत_आई
पाला इथे कुठून आणू गं? लवंग चालेल?