मदत हवी आहे: एचएलए बी58 असूनही व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) जास्त का?

पिपेटधारी: उद्या सकाळी दहाला गाईडसमोर बसायचंय. डरबनच्या एचआयव्ही रुग्णांचा डेटा आहे. जिथे तिथे वाचलंय की एचएलए (व्हायरसचे तुकडे पेशीवर दाखवणारं प्रथिन) बी57 किंवा बी58 प्रकारचं असेल तर व्हायरस आटोक्यात राहतो. माझ्या तक्त्यात बी58वाल्यांचे आकडे उलटेच. कोड तीनदा तपासला. काय चुकतंय? लवकर सांगा.

सावकाश: औषधं चालू आहेत का त्यांची?

पिपेटधारी: नाही हो, कुणाचीच नाहीत. ते उघड आहे ना?

सावकाश: तुम्हाला उघड. आम्हाला कसं कळणार?

मिरजकर_काका: सीसीआर5 डेल्टा32 बघा, एचआयव्हीला पेशीत शिरू न देणारं म्युटेशन. बर्लिनचा तो एचआयव्ही पेशंट ते म्युटेशन असलेल्या दात्याच्या मूळ पेशी मिळाल्यामुळेच बरा झाला.

लॅबकोट: काका, ते युरोपातलं म्युटेशन. डरबनच्या झुलू लोकांत कुठे शोधताय?

औषधवाला: बी57:01 हा उपप्रकार असेल तर अबॅकॅविर हे एचआयव्हीचं औषध देऊ नका. रिॲक्शन जिवावर बेतते.

पिपेटधारी: मी कुणाला औषध देत नाहीये!!

लॅबकोट: शिवाय तिकडे बी57 म्हणजे बहुतेक 57:02 नाहीतर 57:03.

ठिपके_मोजणारी: एचएलएचा नाद सोडा, टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) कशावर तुटून पडतात ते पाहा. डरबनच्याच 2007 च्या पेपरात गॅगवरचे (व्हायरसच्या आतल्या प्रथिनावरचे) प्रतिसाद जितके जास्त तितका लोड कमी. एन्व्हचं (बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाचं) उलटं. आमच्या लॅबमध्ये इलायस्पॉटशिवाय (टी-पेशींचे प्रतिसाद ठिपक्यांनी मोजणारी चाचणी) पान हलत नाही.

सावकाश: ताई, गॅगचा कोणता तुकडा पेशीवर दिसणार हे एचएलएच ठरवतं ना? सोडा कसं? पिपेटधारी, एचएलए टायपिंग किती अंकी आहे, नुसतं 58 की 58:01 असं चार अंकी?

पिपेटधारी: कॉलममध्ये नुसतं बी58. का?

सावकाश: तिथेच घोळ. 58:01 आणि 58:02 यांत अमायनो आम्लं फक्त तीन वेगळी. पण 58:01 गॅगचा टीडब्ल्यू10 तुकडा दाखवतो. त्यातून निसटायला व्हायरसला गॅगच्या 242 व्या जागी बदल करावा लागतो आणि त्यात तो स्वतःच लंगडा होतो. 58:02 ला गॅगचं जवळजवळ काही धरता येत नाही, त्या लोकांचा आजार उलट लवकर वाढतो. आणि झुलू लोकांत 58:02 भरपूर. दोघांना एका पिशवीत भरलंत.

मिरजकर_काका: डेल्टा32 तरीही एकदा बघाच.

पिपेटधारी: दुसऱ्या शीटवर चार अंकी निघालं! 19 पैकी 14 जण 58:02. आता 58:01 बी57 बरोबर मोजू की वेगळा?

ठिपके_मोजणारी: पाचच जण उरलेत, वेगळा मोजून काय दिसणार? आणि इलायस्पॉट केलंय का ते अजून सांगितलं नाहीत.