होमस्टेच्या इंग्रजी माहितीपत्रकातील प्रीपोझिशन तपासून हवेत

तारकर्लीकर:
नमस्कार. आमच्याकडे उतरणाऱ्या परप्रांतीय पाहुण्यांसाठी इंग्रजी माहितीपत्रक तयार करत आहे. त्यातील ‘सिंधुदुर्ग फोर्ट इज इन द सी निअर मालवण’, ‘यू कॅन रीच टु कुडाळ बाय द ट्रेन’ आणि ‘प्लीज रिक्वेस्ट फॉर फिश थाळी बिफोर टेन’ ही वाक्ये छापण्यापूर्वी कोणी तपासून देईल का? शिवाय किल्ल्यावर जाताना ‘इन द बोट’ म्हणावे की ‘ऑन द बोट’?

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी:
पहिले वाक्य व्याकरणाने चुकलेले नाही, परंतु किल्ला कुरटे बेटावर, किनाऱ्यासमोरच्या पाण्यात उभा असल्यामुळे इंग्रजीत ‘ऑफ द कोस्ट ऑफ मालवण’ हीच रूढ रचना आहे. खुद्द मालवण मात्र ‘ऑन द कोस्ट’. दिशा लिहिणार असाल, तर विजयदुर्ग जिल्ह्याच्या आत उत्तरेला म्हणून ‘इन द नॉर्थ ऑफ सिंधुदुर्ग डिस्ट्रिक्ट’, आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या हद्दीबाहेर उत्तरेला म्हणून ‘टु द नॉर्थ ऑफ’ लिहावे. आमच्या दहावीच्या मुलांचा हा हमखास जाणारा गुण!

बोटीविषयी सांगायचे, तर ज्या वाहनात उठून चालता येते त्याला बहुधा ‘ऑन’ लागते, म्हणजे बस, रेल्वे, जहाज. आणि जिथे शिरून बसावे लागते तिथे ‘इन’, म्हणजे मोटार, रिक्षा, छोटी होडी. प्रवासी बोटीला ‘ऑन’ लिहावे. प्रवासाचे साधन एवढेच सांगायचे असेल, तर नुसते ‘बाय ट्रेन’ पुरे, ‘द’ नको.

कुडाळवाला:
‘रीच’नंतर ‘टु’ येत नाही: ‘यू कॅन रीच कुडाळ बाय ट्रेन’. ‘कुडाळला पोहोचणे’ यातला ‘ला’ आपण नकळत इंग्रजीत नेतो. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असताना ‘फॉर’ घेत नाही, नाम असताना घेते. ‘ऑर्डर’ आणि ‘डिमांड’ यांचेही तसेच. माझ्या मते ‘रिक्वेस्ट’ काढून ‘प्लीज आस्क फॉर द फिश थाळी बिफोर टेन’ लिहावे, कारण ‘आस्क’ला ‘फॉर’ लागतेच आणि वाक्य कमी सरकारी वाटते. त्यात सकाळचे दहा की रात्रीचे, हेही लिहा, नाहीतर पाहुणे साडेनऊला जेवायला उतरतील.

तारकर्लीकर:
दोघांचेही आभार. ‘बोट्स आर क्लोज्ड बिट्वीन जून टु ऑगस्ट’ हे वाक्य तरी चालेल ना?

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी:
नाही. ‘बिट्वीन’बरोबर ‘अँड’ येते आणि ‘फ्रॉम’बरोबर ‘टु’. येथे ‘फ्रॉम जून टु ऑगस्ट’ लिहावे, आणि ‘क्लोज्ड’ऐवजी ‘डू नॉट रन’. बंद होते ती सेवा, बोट नव्हे.