वृंदावनातली तुळस: मंजिऱ्या लगडल्या, पानं मात्र बारीक

गॅलरीकर:
कृष्ण तुळस, सिमेंटचं छोटं वृंदावन, पूर्वेची गॅलरी, ऊन सकाळी तीनेक तास. मंजिऱ्या भरपूर, पण पानं बारीक आणि खालच्या फांद्यांच्या नुसत्या काटक्या. शेंडे मुरडलेत, पानांमागे काळे ठिपके. पाणी रोज पूजेच्या वेळी. पानं काढ्यालाही लागतात, म्हणून रासायनिक औषध नको. काय करावं?

मातीवेडा:
आधी मंजिऱ्या काढा. बी धरायला लागलं की झाडाची ताकद तिकडेच जाते. तुरा दिसताच खालच्या पानांच्या एका जोडीसकट खुडा, म्हणजे त्याखालच्या जोडीच्या बगलेतून दोन फुटवे निघतात. (रविवारी-द्वादशीला खुडत नसाल तर आदल्या दिवशी उरका.) काटकी झालेली फांदी पार खाली छाटू नका, कापाखाली हिरव्या पानांच्या दोन जोड्या तरी हव्यात, जून लाकूड फुटेलच असं नाही.

परसबागवाली:
काळे ठिपके ही किडीची विष्ठा. पान उलटून बघा, जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण दिसतील. लेस बग म्हणतात त्यांना, रस शोषतात म्हणून शेंडे मुरडतात. मुरडलेले शेंडे तोडून टाका. ५ मिली निंबोळी तेलात द्रवरूप साबणाचे दोन-तीन थेंब घोटा, मग लिटरभर पाणी घाला. साबण नसेल तर तेल तरंगतं, एकाच जागी पडतं आणि पानं करपतात. संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. अंडी पानाच्या आत असतात, म्हणून आठवड्याने पुन्हा. काढ्याला शेवटच्या फवारणीनंतर फुटलेली पानंच घ्या.

कुंडीबहाद्दर:
फवारणी ठीक, पण वृंदावनाला खाली भोक आहे का? छोट्यांना बरेचदा नसतं. मग मुळं कुजतात, झाड मलूल दिसतं आणि लोक आणखी पाणी ओततात. पूजेला पळीभर पुरे, दूध नकोच. एरवी बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.

तीन तास ऊनही कमीच, पाच-सहा हवं. वृंदावनात बसतील अशा, खाली भोक असलेल्या दोन कुंड्या करा: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू. एक वृंदावनात, दुसरी उन्हात, दर आठवड्याला अदलाबदल. दुसरं रोप विकत कशाला? मंजिरी नसलेली चार-पाच इंची कोवळी फांदी, खालची पानं काढून पाण्यात ठेवा, पाणी दोन दिवसांनी बदला. साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात, डिसेंबरच्या थंडीत जास्त वेळ लागतो. आणि पणती बुंध्यापासून वीतभर लांब.